राउटरच्या कार्डाचा मुहूर्त

६ जानेवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. आपल्यामागं लोकांना वाचायला काहीतरी पाहिजे.
कॉलेजच्या राउटरमधलं एक कार्ड बिघडत चाललंय, नेट अधूनमधून तुटतं. संगणक लॅबचं सगळं नेट त्यातूनच जातं. कंपनीनं वॉरंटीत नवं पाठवलंय. २० तारखेला दोनशे पोरांची ऑनलाइन परीक्षा, त्याआधी बदलायचं. प्राचार्य उदयसिंह सर म्हणाले, चन्नवीर, नीट करा, पुढच्या महिन्यात आयटी प्रमुख नेमायचाय. मी म्हणालो, दहा मिनिटांचं काम, उद्याच करतो.
केबिनच्या दारावर पाटी किती मोठी बसेल, माप घेऊन ठेवलं.

७ जानेवारी, सकाळी ११
साक्षीनं कागद आणून दिला. साक्षी म्हणजे माझी असिस्टंट. वय सत्तावीस, शंका सत्तावीसशे. कागदावर आठ पायऱ्या: सेटिंगची कॉपी काढा, वायरींना चिठ्ठ्या लावा, आधी कमांड देऊन कार्ड बंद करा, दिवा विझेपर्यंत हात लावू नका, अंगातली वीज उतरावी म्हणून मनगटी पट्ट्याची क्लिप लोखंडी रॅकला लावा... अहो, माझं लग्न सात पावलांत झालं. कार्डाला आठ?
कागद भेळेला उपयोगी पडला.

७ जानेवारी, रात्री
सौ. म्हणाली, धनुर्मास चालू आहे, नवीन वस्तू बसवायची नाही. बाई शिकलेली आहे, पण मुद्दा बरोबर आहे. संक्रांतीनंतर बघू.

१० जानेवारी
साक्षीनं परत विचारलं. मी म्हणालो, प्लॅनिंग चालू आहे. ती म्हणाली, मग मी सेटिंगची कॉपी तरी काढून ठेवते. काढ बाई. रिकाम्या माणसाला काम पाहिजेच.

१४ जानेवारी
संक्रांत. गड्ड्याच्या जत्रेत गर्दी. तिळगूळ वाटताना सरांशी मुद्दाम गोड बोललो. त्यांनी कार्डाचं विचारलं. मी अजून गोड बोललो.

१५ जानेवारी
आज करीदिन. यंत्राला हात लावणं म्हणजे आत्मघात. साक्षीनं कॅलेंडरवर २० तारखेला लाल गोल केला. उद्धटपणा.

१६ जानेवारी, सकाळी ९.४०
मुहूर्त. शिपाई मायाप्पाकडून नारळ, हळद-कुंकू मागवलं. नवं कार्ड ताटात ठेवलं, त्याच्या सोनेरी दातांना बोटांनी हळद-कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. पाचच, मोजून. आपण शास्त्राला धरून असतो.
थंडी म्हणून सौ.नं विणलेला लोकरी स्वेटर घातला. मनगटाला पट्टा बांधला. क्लिप लोंबत होती, बरं दिसेना, स्वेटरच्या खिशाला अडकवली. साक्षी ओरडली, सर, रॅकला लावा, आधी कार्ड बंद करा. मी हात वर केला. सीनिऑरिटी म्हणून काही असतं.
वायरी उपटून चालू राउटरमधून जुनं कार्ड ओढलं. नवं घातलं. अडलं. जरा जोर लावला. चट्ट आवाज आला.

९.५२
सगळे दिवे लाल. मायाप्पा म्हणाला, सायेब, लई झकास दिसायलंय की, दिवाळीवानी. त्याला हाकलला.

१०.३०
लाल म्हणजे कार्ड गरम होतंय. वेळ द्यावा लागतो.

दुपारी ४
लॅबसकट अख्ख्या कॉलेजचं नेट बंद. सरांना सांगितलं, कंपनीचा माल सदोष. कुठली वायर कुठं होती ते माझ्या डोक्यात पक्कं आहे. फक्त आज डोकं दुखतंय.

१९ जानेवारी, रविवार
तीन दिवस झोप नाही. दोनशे पोरं उद्या येणार. खरं सांगायचं तर भीती वाटली.
साक्षी सुट्टी असून आली. नवं कार्ड काढलं, जुनं पुसून दुसऱ्या खाचेत बसवलं, तिनंच काढलेली कॉपी घातली. कागदावरच्या आठच्या आठ पायऱ्या, एकही गाळली नाही. दिवे हिरवे झाले. मार्गदर्शन माझंच होतं, मी खुर्चीवर बसून होतो.

२० जानेवारी
परीक्षा झाली. नेट रडतखडत चाललं, पण चाललं. सरांनी साक्षीला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. माणूस घडवणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही.

१० फेब्रुवारी, दुपारी १.३०
परत पाठवलेल्या कार्डावर कंपनीचं पत्र आलं. सरांनी मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचलं. संपर्काच्या दातांवर हळद व कुंकू, त्यात अडकलेले तांदळाचे तीन दाणे, सबब वॉरंटी लागू नाही. मायाप्पा हसता हसता बाहेर गेला. प्राध्यापक मंडळी बाहेरही गेली नाहीत.
केबिनच्या दारावर पाटी लागली. माझं माप तंतोतंत बरोबर निघालं. नाव साक्षीचं आहे.

१.४५
साक्षीनं कॉलेजच्या खर्चानं दुसरं कार्ड मागवलंय. दोन वाजता बसवणार. मी नवं घातलं होतं, त्याच खाचेत.

१.५०
पत्रात दाणे तीन. मी वाहिले पाच. उरलेले दोन?

१.५५
कुणाला काय कळणार आहे?

१.५७
जातो. मॅडमना सांगतो.