रिकाम्या खोलीतला माणूस

तीर्थरूप काकांना,

लांबूनच वाकून नमस्कार (जवळून केला की तुम्ही वेणी ओढता). गुडघा काय म्हणतोय? डॉक्टरांनी सांगितलेलं दुपारचं चालणं तुम्ही एक दिवस चुकवत नाही, असं काकू कौतुकाने सांगते. (पोट मात्र आहे तिथेच आहे, हेही सांगते.)

तुम्ही मोठ्या मनाने मागची खोली आमच्या चाचणीला दिलीत, रिकामी करून, कुलूप लावून. इमारत किती तापेल, किती निवेल हे आमचा प्रोग्राम आधीच सांगतो. ते खरं निघतं का, हे तुमच्या खोलीतल्या तापमापकांशी ताडून बघायचं, एवढंच काम. पण काका, काय सांगू! सकाळी प्रोग्राम आणि खोली गळ्यात गळे घालून चालतात, आणि जेवणं आटोपली की खोली जी तापायला लागते ती चहापर्यंत कुणाचं ऐकत नाही. साहेब म्हणाले, प्रोग्राम भंगारात काढा (म्हणजे पाठोपाठ मलाही). मी हायच खाल्ली. भिंती पुन्हा मोजल्या, काचा तपासल्या, छपरावर चढून उन्हाला शिव्या घातल्या. शेजारीण म्हणाली, पोरीचं डोकं फिरलं वाटतं. शेवटी वैतागून मी प्रोग्राममधल्या रिकाम्या खोलीत एक माणूस आडवा करून पाहिला (झोपलेल्या माणसाच्या अंगातूनसुद्धा दिव्याइतकी ऊब निघते बरं का). आणि अहो, दोन्ही रेषा तंतोतंत जुळल्या! मी खुर्चीवर उभी राहून नाचले. मग नाचता नाचता थांबले. दुसरी किल्ली तर तुमच्याकडे!

काका, धन्य आहात! बूट चढवून पुढच्या दाराने बाहेर, आणि वळसा घालून मागच्या खोलीत ताणून द्यायची! हसून हसून पोट दुखतंय माझं. काकूला सांगणार नाही, अगदी शप्पथ.

तुमची लाडकी (आणि अजून तरी नोकरीत असलेली)
पुतणी

ता. क. शुक्रवारी आमचे आलेख तपासायला समिती येतेय. ही रिकाम्या खोलीची नाही, झोपलेल्या माणसाच्या खोलीची चाचणी आहे, असं मी साहेबांना सांगून बसलेय. तेव्हा त्या दिवशी दांडी मारू नका. माझी नोकरी तुमच्या घोरण्यावर आहे.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवताना आजचा आलेख आला. खोलीत दोन माणसांची ऊब! काकूला फोन केला, तर म्हणे शिवणाच्या क्लासला आलेय, तेही कुजबुजत, आणि मागे कुणीतरी घोरत होतं. माझी काही हरकत नाही, पण शुक्रवारी एकानेच झोपा. कोणी, ते आपसात भांडून ठरवा (भांडण मात्र बाहेर, खोली तापते).