आरोपीच्या पिंजऱ्याचा कठडा

सोमवार, ३ तारीख

तर हो, मीच! देशाचं नवं राष्ट्रीय न्यायालय डिझाइन करणाऱ्या टीममध्ये चक्क मी! आईला अजूनही वाटतंय की मी कुणाच्या तरी बाथरूमच्या टाइल्स निवडायला जातेय.

आर्किटेक्ट सरांनी एका गोदामात अख्खं कोर्टरूम उभं केलंय, प्लायवूडचं, पण खऱ्या मापाचं. न्यायाधीशांच्या खुर्चीत सर, बाकीचे वकिलांच्या जागी, आणि ऑफिसची पद्धत अशी की सगळ्यात नवीन माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात. दोन्ही हात कठड्यावर ठेवून उभं राहायचं, मग कुठून कोण कसं दिसतं ते तपासतात. सर म्हणाले, तुझा चेहराच गुन्हेगाराचा आहे, मस्त शोभतेस. मी हसून हसून मेले.

फक्त कठडा खरा आहे. पाडलेल्या जुन्या कोर्टातला, सागवानी, दीडशे वर्षांचा. त्याचे तुकडे करून नव्या चाळीसही कोर्टरूम्समध्ये बसवायचे, ही सरांची आयडिया. लाकडाची तपासणी माझ्याकडे. माझी सही झाली की काम सुरू. माझी सही!

बुधवार, ५

कठडा चिकट आहे. आधी वाटलं, पॉलिश असेल. नखाने खरवडलं तर अंग चोळल्यावर मळाच्या वळ्या निघतात ना, अगदी तशा. काळ्या. ईऽऽ! दीडशे वर्षं घाबरलेल्या लोकांनी घामट हातांनी धरलेला कठडा, आणि मी त्यावर रोज पाऊण तास हात ठेवून उभी.

सर म्हणाले, अगं वेडे, याला पॅटिना म्हणतात, जुन्या लाकडावर वर्षानुवर्षांच्या वापराने चढलेली झळाळी, लोक यावर जीव टाकतात. मी गुपचूप सुतारकाकांना गाठलं. त्यांनी दिवसभर रंधा मारला. घमेलंभर मळ निघाला.

शुक्रवार, ७

पुन्हा तेवढाच थर. काकांनी तिसऱ्यांदा तासलं. वैतागून म्हणाले, ताई, तीस वर्षं हेच करतोय, पण याला लाकूड काही लागतच नाही.

माझ्या हातांना वास येतोय. शिळा घाम आणि काहीतरी आंबलेलं. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेलही झालं. आई म्हणाली, आधी हात धू, मग ताटाला शिव. चार वेळा धुतलेत गं.

सोमवार, १०

काकांनी एक टोक कापलं. आत लाकूड नाहीच. आरपार मळ. थरावर थर, कांद्यासारखे. मध्ये केस. नखांचे तुकडे. एक दात. काकांना तिथेच उलटी झाली. हत्यारं टाकून गेले ते गेलेच. फोन उचलत नाहीत.

मी रिपोर्टमध्ये 'नापास' लिहिणार.

मंगळवार, ११

सर म्हणतात, एखादं टोक खराब निघतं, सही कर, तुझ्यासाठी अख्खी बिल्डिंग अडवू का? बाकी सगळे आपापल्या ड्रॉइंगमध्ये डोकं घालून. मला पुन्हा पिंजऱ्यात उभं केलं. दोन तास.

फोन माझा अंगठा ओळखत नाही. तळहात पाहिला. रेषाच नाहीत. गुळगुळीत, काळपट. चोळलं तर वळ्या — माझ्याच — संपतच नाहीत —

बुधवार, १२

सरांनी पेन पुढे केलं. त्यांचा तळहात आज पहिल्यांदा नीट पाहिला. एक रेष नाही. चकचकीत. म्हणाले, सवय होते. म्हणाले, सही केलीस की नवीन कुणीतरी घेऊ, त्याला उभं करू, तू सुटलीस. नाहीतर रोज तूच.

हे दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी लिहितेय. सरांचं पेन तळव्यात रुतलंय. ओढलं तर कातडी — कातडी नाहीच ती —

चाळीस कोर्टरूम्स. प्रत्येक कठड्यावर कुणीतरी हात ठेवणार. ज्याने काहीच केलं नाही, तोही —

मी तरी काय केलं होतं?

सहीचा कागद हाताला चिकटलाय. सर दारात उभे आहेत. तुम्हीच सांगा ना, सही करू की —