आमेनचा तिसरा ठोका

२ सप्टेंबर

लीना, पोचलो बाई एकदाचे. तू दिलेल्या वहीचं पहिलंच पान कोबीच्या लोणच्याने भिजलंय, तेवढं चालवून घे. सरहद्दीवरच्या शिपायाने विचारलं, आजी, बरणीत काय आहे. मी म्हटलं, उघडून बघ, मग तूच झाकण लावशील. त्याने उघडली, नाकाला रुमाल लावला आणि घाईघाईने शिक्का मारला. इन्ना पोट धरून हसत होती. नऊ वर्षांची झाली तुझी लेक, पण हसायला लागली की तीन वर्षांची दिसते.

तू तिकडे सोलला कारखान्यात उभी राहून राबतेस आणि इकडे तुझी आई साठी उलटल्यावर मास्तरीण झाली. मलाच अजून खरं वाटत नाही. पाळकसाहेब म्हणाले, मंडळीत शिकलेले पुष्कळ आहेत, पण हातांची भाषा एकालाही येत नाही. आणि जिला येते तिची शाळा चौथीतच कांद्याच्या वाफ्यात संपलेली. इन्नाला तापाने बहिरेपण आलं तेव्हा तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसून मी जे हातवारे शिकले, ते प्रभूने असे कामाला लावले.

शाळेसाठी मिळालेलं घर झकास आहे. नरीन शहराच्याही वर, डोंगराच्या कुशीत, एक मोठी खोली, मधे चूल, बाजूला झोपायची खोली. खाली लाकडी फळ्या, पण त्या दिसत नाहीत, कारण वर दाबलेल्या लोकरीचे बुरणूस अंथरलेत, एकावर एक तीन. पाऊल ठेवलं की मेंढीच्या पाठीवरून चालल्यासारखं वाटतं, आणि वासही तिचाच.

शेजारीण बुरुलाय गरम पाव घेऊन आली. माझ्याच वयाची, जीभ मात्र माझ्याहून धारदार. म्हणाली, कोरियन बाई, तुम्ही लोक कुत्रा खाता म्हणे, माझा बांधून ठेवू का. मी म्हटलं, तुझा फार हाडकुळा आहे, राहू दे. तेव्हापासून आम्ही मैत्रिणी. जाताना म्हणाली, या घरात लोकरी मोज्यांवरच चालायचं हो, टाचा वाजवायच्या नाहीत. मला वाटलं, बुरणूस मळतील म्हणून सांगतेय.

५ सप्टेंबर

मुलं आली. आपली इन्ना धरून पाच. आसपासच्या गावांतली आहेत, आठवडाभर इथेच राहणार, शनिवारी आईबाप नेणार, रविवारी परत आणून सोडणार. सगळ्यांत मोठा तिलेक, बारा वर्षांचा, पक्का वांड. दोघी जुळ्या बहिणी आहेत, त्यांतली कोण कुठली, हे मलाही अजून ओळखता येत नाही. आणि एक बारकी मीरीम, तिला घरी कुणी हातांनी बोलायलाच शिकवलं नाही. बोट दाखवते आणि रडते, एवढीच तिची भाषा. आज मी तिला पाव हा शब्द शिकवला. दिवसभर तोच करत फिरली. गाईलासुद्धा करून दाखवला.

या मुलांची रीत तुला ठाऊकच आहे, प्रत्येकाला हातांचं एक नाव देतात. त्यांनी मला दिलं डोक्यावर मूठ. अंबाडा. पाळकसाहेबांना कळलं तर म्हणतील, झोया बाई, मान राखायला शिकवा. मला तर मिरवावंसं वाटतंय.

९ सप्टेंबर

प्रार्थनेचा मोठा घोळ झाला होता, तो आज सुटला. लिहिते, म्हणजे तू हसशील.

आपल्यात डोळे मिटून, हात जोडून बसायचं. मी मुलांना तसंच बसवलं. बहिऱ्या लेकराने डोळे मिटले की त्याचं सगळं दारच लागतं, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. प्रार्थना संपली हे त्यांना कळणार कसं? मी एकेकाच्या खांद्याला हात लावत जायची. शेवटच्यापर्यंत पोचेतो तिलेकने दोघींचा पाव खाल्लेला असायचा. डोळे उघडे ठेवू द्यावे म्हटलं, तर पाळकसाहेब फोनवर म्हणाले, देवासमोर डोळे मिटायचेच, शिस्त म्हणजे शिस्त.

मग आठवलं, इन्नाच्या शाळेत बाई पाय आपटून मुलांना हाक मारायच्या. फळीतून ठोका तळपायाला कळतो. ठरवलं, तीन ठोके म्हणजे आमेन. आणि आमेन देईल त्याच्याकडेच धावत जायचं, ओंजळ पुढे करायची, की पाव मिळेल. पण बुरणूस माझा ठोका गिळून टाकत होते. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून तिन्ही बुरणूस उचलले, काठीने झोडपले आणि कुंपणावर टाकले. केवढी धूळ निघाली. खालच्या फळ्या काय सुंदर आहेत, मधासारख्या. चुलीच्या मागे तळघराचं झाकण निघालं, चौकोनी, खिळे ठोकून बंद केलेलं.

मग प्रार्थना केली आणि मी तीनदा पाय आपटला. पाचही जणांचे डोळे एकदम उघडले. मीरीमने धावत येऊन ओंजळ केली आणि पावाची खूण केली, बरोबर जागी, बरोबर वेळी. मी तिला उचलून नाचले. मुलंही नाचली, धडाधडा पाय आपटत. इतकी खूश मी तुझ्या लग्नातही नव्हते, आणि जावई नंतर कसा निघाला ते बघता बरंच झालं.

१० सप्टेंबर

बुरुलाय दूध द्यायला आली. कुंपणावरचे बुरणूस बघून तिने भांडं उंबऱ्याबाहेरच ठेवलं. चहालाही थांबली नाही. दारातूनच म्हणाली, परत अंथर. मी समजावलं, की या मुलांना जमीन हवी, पायांनीच ऐकतात ती. तर म्हणते कशी, तेच तर सांगतेय, अंथर.

रुसली असेल. तिच्या हातचेच असतील का बुरणूस?

१४ सप्टेंबर

आज एक गंमत झाली. गंमतच म्हणायची.

दुपारची प्रार्थना चालू होती. मी अजून मधेच होते, तुझ्यासाठीच मागत होते, आणि पावलांचा आवाज आला. डोळे उघडले तर पाचही मुलं उठलेली. माझ्याकडे नाही आली. चुलीमागे त्या झाकणापाशी उभी, ओंजळी पुढे करून.

मी तिलेकला धरलं, म्हटलं, तूच पाय आपटलास. त्याने दोन्ही तळहात छातीवर ठेवून शपथ घेतली. बाकीच्यांना विचारलं, आमेन कुणी दिलं. सगळ्यांनी खाली बोट दाखवलं. मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं.

जमीन नवी उघडी पडली आहे. लाकूड सुकताना तडकतं, तसंच असेल. पाव वाटून टाकला.

१७ सप्टेंबर

आज मोजे काढून बसले. अनवाणी.

लीना, लाकूड तडकलं की आवाज येतो. हे आवाजाशिवाय आलं. आधी टाचेत, मग गुडघ्यात. तीन. नीट तालात, माझ्याच तालात, मी जसा दोन ठोक्यांनंतर जरा श्वास घेते तसाच मधे थांबून.

मुलं लगेच तिकडे गेली. मीरीम झाकणाशी वाकून पाव असं करत राहिली. मग नव्याने शिकलेल्या खुणांनी मला म्हणाली, तिथे नाही, हातात काही नाही. आणि रडली.

१९ सप्टेंबर

बुरुलायच्या घरी जाऊन बसले. सांगितल्याशिवाय उठणार नाही म्हटलं.

तिच्या सासूच्या वेळची गोष्ट आहे. या घराचा धनी ओस्मोन, बटाटे ठेवायला तळघर खणत होता. डोंगराकडची भिंत ढासळली आणि तो आत गाडला गेला. खालून ठोकत राहिला. उकरलं असतं तर वरचं घर उकरणाऱ्यांच्या अंगावर बसलं असतं, आणि बाकीचे पुरुष मेंढ्या घेऊन लांब. गावाने ठरवलं, उद्या बघू. तो ठोकतच राहिला. बायकोला सहन होईना, तिने बुरणूस घातला. मग दुसरा. वसंतात बर्फ वितळलं तरी ठोकणं चालूच, तेव्हा तिसरा घातला आणि मुलं घेऊन निघून गेली.

मी म्हटलं, वसंतापर्यंत माणूस कसा जगेल. बुरुलाय म्हणाली, नाहीच जगत, बाई. पण एवढी वर्षं आम्ही कुणी वरून ठोकलं नाही. त्याला वाटायचं, वर कुणी नाही. तू सांगितलंस, आहे म्हणून.

मग माझा हात हातात घेतला तिने. तिचा हात माझ्याहून गार होता.

२० सप्टेंबर

बुरणूस परत घातले. तिन्ही. मुलं हिरमुसली. आता आमेन नाही, खांद्याला हात लावते आणि डोळे उघडेच ठेवायला सांगते, पाळकसाहेब काय म्हणायचं ते म्हणोत. पण मुलं ऐकत नाहीत. सांगितलं तरी डोळे मिटूनच बसतात. मीच तसं शिकवलं, इतकं चांगलं शिकवलं.

इन्ना बुरणुसाची कड उचलून फळीवर गाल टेकून पडली होती. मी ओढून काढलं तर चिडली. तिचे हात भराभर चालत होते. म्हणाली, आजी, खाली एकजण डोळे मिटून बसलाय. त्याला कुणी आमेनच दिलं नाही. तो अजून थांबलाय.

कुठून काढते हे? मी तर ओस्मोनचं तिला काही सांगितलेलं नाही.

२१ सप्टेंबर

चूक केली. तुझ्यापासून काय लपवू.

वाटलं, पोरगी म्हणते तसंच असेल. बिचारा थांबलाय, मोकळा करावा. मुलं अंगणात होती. बुरणूस सारला, प्रभूचं नाव घेतलं, त्याच्या आत्म्यासाठी मागितलं आणि तीन ठोके दिले. आमेन.

बराच वेळ काही नाही. मला वाटलं, गेला. रडूच आलं मला, सुटल्यासारखं.

मग ठोके आले, पायाखाली. चुलीमागे नाही. मी उभी होते तिथे, बरोबर माझ्या दोन पावलांखाली — एक या पावलाखाली, एक त्या. आणि तिसरा नाही दिला. राखून ठेवला.

२२ सप्टेंबर

शनिवार. आईबाप आले, मुलांना नेलं. मी म्हटलं, परत आणू नका. कारण विचारलं नाही त्यांनी, बुरुलायने वाटेत गाठलं असणार. तिलेक जाताना बुरणुसांची कड उचलून, झाकणाकडे बघत हाताने म्हणाला, अंबाडा, खिळे बघ.

दोन खिळे वर आलेत. बोटभर.

पाळकसाहेब फोनवर म्हणाले, झोया बाई, तुम्ही थकलात, उद्या पहिल्या बसने या. बरं म्हटलं. इन्नाला घेऊन बुरुलायकडे झोपायला निघाले तर उंबऱ्यापाशी पोरीने दाराची चौकट धरली. ओढलं, उचललं. चावली मला. तुझी लेक, लीना, मला चावली.

मीच राहिले मग. दोघी बाकावर. पाय वर घेऊन.

२३ सप्टेंबर

उजाडलं. बस यायचीय. गाठोडं बांधलंय. इन्नाला बाकावर बसवून स्वयंपाकाच्या कोनाड्यातून पाव आणायला गेले, एवढंच — आले तर बुरणूस बाजूला. तिन्ही. एवढं ओझं एकटीने कसं —

ती झाकणाशी बसलीय. मांडी घालून, हात जोडून, डोळे मिटून.

पाय टाकला की खालून तिथेच ठोका येतो. माझ्या प्रत्येक पावलाला एक. म्हणून बाकावर चढलेय. पाव फेकला, तिच्या खांद्याला लागला, हलली नाही. हाक मारली. तिला हाक. वेडी मी.

बसचा भोंगा वाजतोय. बुरुलाय फाटकाशी ओरडतेय, आत यायला धजत नाही. म्हणते, पाय टाकू नकोस, बाई, पाय टाकू नकोस.

खिळे चारही बाहेर. झाकण सपाट नाही आता.

इन्ना थांबलीय. मी शिकवलंय तशी. तिसऱ्या ठोक्याला डोळे उघडेल आणि देईल त्याच्याकडे — ओंजळ करून — तशीच धावेल.

एक आला आत्ता. बाकाच्या पायातून कळला.

मी दिला तर? आधी मी दिले तिन्ही, तर माझ्याकडे येईल. ती माझा ठोका ओळखते का अजून? त्याने माझाच ताल उचललाय, लीना, माझाच —

दोन.

श्वास घेतोय. मी घेते तसा. तिच्या पापण्या थरथरतायत. मधे चार पावलं आहेत, मी म्हातारी आहे, पण एवढं तर — वही बाकावरच राहील. पाय खाली टाकतेय. इन्ना, माझ्याकडे बघ, इकडे, अंबाड्याकडे, ति