जैसे थे

शिरूर, मंगळवार, १६ मार्च १९९९

आत्याला आज मीच निराश केलं. पण दुसरं कोण सांगणार? घरात बी.ए. झालेली मी एकटीच.

नवरा वारल्यावर दिराने तिला मांडवगणच्या घरातून बाहेर काढलं, तेव्हापासून ती आमच्याकडे राहते. मुंबईच्या कोर्टात ती जिंकली. पण घराचा ताबा मिळण्याआधीच दीर दिल्लीला, सुप्रीम कोर्टात गेला. आज वकिलांचा निरोप आला: पुढच्या तारखेपर्यंत ‘जैसे थे’.

संध्याकाळी घरी आले, तर आत्या हसतमुखाने आपली भांडी गाठोड्यात बांधत होती.

“जसं व्हतं तसं करा म्हणलंय दिल्लीनं. मी चालले माझ्या घरी!”

“आत्या, आज जसं आहे तसंच ठेवायचं, असा अर्थ आहे त्याचा.”

“आज तर मी तुझ्या बापाच्या घरात हाय.”

“हो.”

“आन् त्यो माझ्या घरात.”

आत्ता तिकडे गेलीस तर हुकूम तूच मोडलास असं होईल, हेही सांगावं लागलं.

“पर ‘थे’ म्हंजी व्हतं ना गं? एवढं हिंदी मला बी कळतं. टीव्ही बघती मी.”

‘थे’ म्हणजे होते. चुकलं कुठे तिचं? निकाल लागेपर्यंत कुणी काही बदलू नये, हा कोर्टाचा हेतू मला पटतो. न्याय मिळेल, असं मी अजूनही मानते. पण ‘थे’ म्हणजे होतेच ना?

मी गाठोडं सोडायला गेले, तर तिने माझा हात धरला.

“ऱ्हाऊ दे बांधलेलं. ते बी जैसे थे.”