सातवा चिंचोका

मंगळवार, ९ डिसेंबर. संध्याकाळ.

मनीचं बोलणं डोक्यातून जातच नाही. अंगणवाडी सुटताना आमचा रोजचा खेळ असतो. उद्या जेवायला जेवढी मुलं, तेवढे चिंचोके वाटीत टाकायचे. पोरं मोजताना स्वतःलाच विसरतात, म्हणून मीच हा खेळ काढला. दिवाळीपासून मनी एकदाही चुकली नव्हती. आज तिने सहाच टाकले. मुलं सात.

"परत मोज," म्हटलं. परत सहा. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला. "स्वतःला विसरलीस ना?" म्हणत सातवा चिंचोका मीच टाकला. बाकीची हसली. मीही हसले, खोटं कशाला लिहू.

ती हळूच म्हणाली, "मले कायले मोजता मॅडम? आमी त उद्या हैदराबादले जाऊन राहिलो."

धान कापून झालं की इथली घरं कामाला बाहेर पडतात, हे मला ठाऊक नव्हतं का? निदान विचारायचं तरी. पाच वर्षांच्या पोरीने हिशेब बरोबर केला आणि मी तिला सगळ्यांसमोर चूक ठरवलं.

तो सातवा चिंचोका वाटीतच आहे. सकाळी ताटल्या मांडताना मलाच काढावा लागेल.