झटपट दगडाला हात लावणार नाही

रविवार, १ मार्च. सकाळ.

आजपासून झटपट दगड बंद.

अकरा वर्षं हा ऑनलाइन खेळ खेळतोय. लेक शाळेत असताना आम्ही दोघांनी सुरू केला. तेव्हा खेळात एका गावाहून दुसऱ्या गावी चालत जायचो. वाटेत लांडगे, पूर, गप्पा. आता कंपनीने गावोगावी दगड बसवलेत. हात लावला की माणूस हव्या त्या गावात. ही लिफ्ट झाली, प्रवास नाही.

निश्चय : माझा योद्धा यापुढे सगळीकडे पायी. नकाशा बंद. लांबून येणारे निरोपही बंद. शेजारी उभा असेल त्याचंच ऐकू येणार. तल्लीनता म्हणतात ती हीच.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आधी कोपऱ्यावर दूध आणायला स्कूटर काढता ते बंद करा." विषय वेगळा आहे.

संध्याकाळ.

लेक परगावी नर्सिंग शिकते. रविवारी पाच ते साडेपाच तिला ड्यूटीत सुट्टी. तेवढा वेळ आम्ही खेळातल्या दीपगृहापाशी भेटतो. फोनवर ती "जेवले, बरी आहे" याच्यापुढे जात नाही. खेळात मात्र मासे पकडता पकडता सगळं सांगते.

आज पोचलो नाही. डोंगर मध्ये होता. पण तिला कळलं असेल, बाप तत्त्वाचा माणूस आहे.

बुधवार, ४ मार्च.

बोटीने निघालो. समुद्र खऱ्या वेळेत ओलांडावा लागतो. टेबलफॅन तोंडासमोर लावला, वारा हवा म्हणून. मिठाच्या पाण्याचा फवाराही मारून घेतला. बायको म्हणाली, "अहो, तो फॅन इकडे वळवा, मी पोळ्या लाटतेय." तिला क्षितिज दिसत नाही.

मधल्या वेळात बोट आपली आपण चालते, मी भाजी चिरली. ही सोय नव्हे. खलाशीही भाजी चिरतात.

शुक्रवार, ६ मार्च.

माझ्या चष्म्याच्या दुकानात एक आजोबा नंबर काढायला आले. विचारलं, "कुठली ओळ वाचू?" मी म्हणालो, "उत्तरेकडची." तल्लीनता मुरतेय.

रविवार, ८ मार्च.

बोट चुकीच्या बेटावर लागली. नकाशा असता तर कळलं असतं, असं एखादा उथळ माणूस म्हणेल.

लेक अर्धा तास दीपगृहापाशी एकटी बसून होती म्हणे. हे बायकोने सांगितलं. लेकीने तिला नंतर फोन केला होता. मला का नाही केला? प्रवासात व्यत्यय नको म्हणून असणार. समजूतदार पोर.

गुरुवार, १२ मार्च.

नवा नियम : योद्ध्याला रोज आठ तास झोप. खरी झोप, खऱ्या घड्याळाची. रात्री तो धर्मशाळेत घोरत होता, मी समोर बसून बघत होतो. इतकी शांतता वाटली की मीही खुर्चीत पेंगलो. दोघांची मान एकाच बाजूला.

रविवार, १५ मार्च.

घोळ. काल त्याला जागरण झालं, मग आज दुपारी निजवला. पाच वाजले तेव्हा दीपगृह एका टेकडीपलीकडे आणि हा गाढ झोपेत.

बायको मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "तिला काहीतरी बोलायचंय तुमच्याशी. उठवा त्या मेल्याला!"

मी म्हणालो, नियम म्हणजे नियम.

ती म्हणाली, "पुढच्या रविवारनंतर तिची ड्यूटी बदलतेय. मग ही सुट्टी नाही. एकच रविवार उरलाय, लक्षात ठेवा."

काय बोलायचं असेल? विचारायला हवं होतं. पण समोरासमोर ऐकेन. आठवडा आहे, टेकडी एक आहे. रांगत गेलो तरी पोचेन.

बुधवार, १८ मार्च.

टेकडी उतरलो ती दुसऱ्या बाजूने. दलदल. आमच्या टोळीतला टकल्या तिरंदाज भेटला. त्याला रस्ता विचारला. त्याने लिहिलं, "काका, मागच्या गावात दगड आहे की. हात लावा ना." मी त्याला अर्धा तास तल्लीनता समजावली. तो उभ्या उभ्या गेम बंद करून गेला. विचार करायला गेला असावा.

रविवार, २२ मार्च. दुपार.

अजून दलदल. वर्तुळात फिरतोय असं वाटत नाही. फक्त तेच झाड वारंवार येतं.

संध्याकाळ.

शेवटी मागच्या गावी पळत गेलो आणि पाचच्या ठोक्याला दगडाला हात लावला. आणीबाणी होती. दीपगृहापाशी उतरलो. लेक नाही. दगड एका माणसाला तासातून एकदाच चालतो, म्हणून परतही जाता येईना. मासे पकडत बसलो. एकही मिळाला नाही.

सुट्टी संपत आली तेव्हा ती दगडातून बाहेर पडली, नखशिखांत चिखलात. मला बरं वाटावं म्हणून शोधायला चालत निघाली होती. नकाशा बंद, निरोप बंद, सगळं माझ्यासारखं. दलदलीत रुतली, कंटाळून निरोप चालू केले, तर पहिलाच निरोप मी दगडाला हात लावल्याचा, मग तीही दगडाकडे धावली. कोणीही दगड वापरला की टोळीभर बातमी जाते. मला माहीत नव्हतं, माझे बंद होते ना. खाली तिरंदाजाच्या टाळ्या.

लेक इतकी हसली की तिला लिहिता येईना.

मग मी विचारलं, काय बोलायचं होतं?

"ते होय? इंजेक्शन देताना हात कापायचा माझा. सगळं सोडून घरी यावं असं झालं होतं. मिटलं ते. आईने मिटवलं, मागच्याच आठवड्यात. आता नाही कापत."

मी म्हणालो, छान.

ती म्हणाली, "बाबा, चालत यायचा रस्ता फारच रटाळ आहे हो." आणि गेली, ड्यूटीवर.

बराच वेळ पडद्यावर लाटा बघत होतो. बायकोने येऊन फॅन बंद केला.

विचाराअंती : दगड ही सोय नव्हेच. दगड हा निसर्गाचा भाग आहे. उद्यापासून वापरायला हरकत नाही.