पुलावरून पहिलं कोण जाणार

ती. वन्सं यांना भावजयीचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळं ठीक, म्हणजे मी ठीक आणि तुमचे बंधुराज मंत्री. (टीव्हीवर पाहून "वाळला गं माझा भाऊ" म्हणालात असं कळलं. वाळले नाहीत, कोट ढगळ आहे. शिंप्याला स्वतःच सांगून आले, पुढेमागे लागेल, जरा जास्त जागा ठेवा.) घरात सध्या एका पुलावरून अबोला चालू आहे. त्यामुळे बोलायला कुणी नाही म्हणून तुम्हाला लिहायला बसले. पुलाकडे येतेच.

तुम्हाला वाटत असेल, आपला भाऊ कर्तबगारीने इतका वर चढला. मला विचाराल तर तो एका मंडपवाल्याच्या चिकटपणामुळे चढला. तेव्हा हे बांधकाम खात्यात साधे इंजिनिअर. मोठ्या पुढाऱ्यांची सभा होती आणि व्यासपीठ तपासायला साहेबांनी यांना धाडलं. मंडपवाल्याने खालचे टेकू वाचवलेले, आणि वर चढायची तर प्रत्येकालाच हौस. यांनी वाकून पाहिलं, फळ्या धनुष्यासारख्या वाकलेल्या. झालं! तडक वर गेले, माईक हातात घेतला आणि एकेकाकडे बोट दाखवत म्हणाले, "तुम्ही उतरा. तुम्हीही. तुम्ही तर आधी उतरा." (तो शेवटचा म्हणजे पक्षाचा अध्यक्ष. यांच्या डोक्यात फक्त किलो होते.) पुढाऱ्यांना कुणी भर सभेत खाली उतरवतंय हे लोकांनी जन्मात पाहिलं नव्हतं, त्यामुळे टाळ्या थांबेनात. व्यासपीठ कोसळलं असतं तर यांना बढती मिळाली असती. कोसळलं नाही म्हणून बदली झाली, तीही गोदामात, गंजक्या पाइपांवर नजर ठेवायला. मग विरोधी पक्षवाले तिकीट घेऊन दारात हजर. मी म्हटलं, नको. हे म्हणाले, निवडून यायची शक्यता नगण्य आहे, उभा राहतो. यांचं गणित चुकलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

प्रचाराचं तर विचारूच नका. समोरच्या उमेदवाराने सहा महिन्यांत घरोघर नळ द्यायचं कबूल केलं. हे म्हणाले, चार वर्षं लागतील, आणि वाटेत कातळ लागला तर पाच. मी कपाळाला हात लावला. पुढे कातळ लागलाच, आणि तुमचे बंधुराज दारोदार जाऊन सांगून आले, "कातळ लागला हो!" जशी काही आनंदाची बातमी. लोकांना त्याचंच इतकं अप्रूप वाटलं की पुढच्या वेळी थेट राजधानीत पाठवलं. तिथे मंत्री झाल्यावर कुणीतरी अडचणीचा प्रश्न विचारला तर हे उठून म्हणाले, मला माहीत नाही, बघून सांगतो. यात डाव काय असेल, याचा विरोधक आठवडाभर शोध घेत होते म्हणे.

सरकारी बंगल्यात आल्या आल्या यांना दिवाणखान्याच्या भिंतीत तडा सापडला. लगेच त्यावर काचेची पट्टी चिकटवली. तडा वाढत असेल तर काच फुटते, इतकीच त्यातली हुशारी. पण भेटायला येणाऱ्यांना वाटतं, ते बोलणं टिपणारं यंत्र आहे. त्या भिंतीशी बसून कुणी कुणाची चुगली करत नाही. मी आता दुसरी पट्टी स्वयंपाकघरात लावून घेणार आहे.

आता तो पूल. नदीवरचा यांच्या खात्याचा नवा पूल बांधून झालाय, फक्त भारचाचणी राहिलीय. म्हणजे वाळूने भरलेले ट्रक वर उभे करायचे, पूल किती वाकतो ते मोजायचं आणि ट्रक हलवल्यावर तो पुन्हा सरळ होतो का ते बघायचं. लग्नानंतर हे मला पहिल्यांदा फिरायला घेऊन गेले ते असल्याच चाचणीला! वर ट्रक, आणि हे बरोबर पुलाखाली जाऊन उभे. मी काठावर डबा धरून रडकुंडीला आलेली. परत आल्यावर म्हणतात, "मी बांधलाय, मी नाही उभा राहणार तर कोण?" वन्सं, त्या दिवशी मला हा माणूस आवडला. (त्याआधी नुसतं लग्न झालं होतं.)

आणि आता पक्षाला निवडणुकीआधी फीत कापायचीय. चाचणी नंतर करू, म्हणतात. यावर तुमचे बंधुराज काय म्हणाले? "बघू." मी भांडले, तर मलाच समजावतात, कागदावर सगळं बरोबर आहे, आणि नाही म्हटलं तर खुर्ची जाईल, मग बाकीची कामं कोण करणार? तेव्हापासून मी बोलणं टाकलंय. जेवताना ते ताटाकडे बघतात आणि मी छताकडे. पूल पडेल याची भीती वाटतेच. पण पूल नाही पडला, तरी यांना "बघू" म्हणायची सवय लागेल, याची त्याहून जास्त वाटते.

असो. भावोजींना नमस्कार, नातवंडांना गोड पापा.

तुमची,
भावजय

ता. क. मुख्य मागणं राहिलंच. उद्घाटनाला तुम्ही यायचं, नातवंडांना घेऊन, आणि यांना फोनवर एवढंच सांगायचं, "पुलावरून पहिल्या गाडीत मी बसणार." चाचणीचं नाव काढू नका, माझ्या पत्राचं तर मुळीच नको. पुढचं त्यांचं ते बघतील.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी माझ्याच तोंडून निघून गेलं. जेवताना म्हटलं, "वन्सं येतायत. पहिल्या गाडीत बसणार म्हणतात, नातवंडांना मांडीवर घेऊन." (तुमच्या नावावर खोटं बोलले, पदरात घ्या.) यांचा घास हातातच राहिला. उठले आणि खरकट्या हाताने फोन लावला. "चाचणी आधी. नाही, नंतर नाही. मग दुसरा मंत्री शोधा." मग परत येऊन पोटभर जेवले, आणि मी पण. खुर्ची बहुतेक जातेय. तुम्ही मात्र याच. फक्त ठेवणीतले कपडे आणू नका, जुने आणा. बंगला रिकामा करायचाय आणि माळ्यावर धूळ फार आहे.